दिगूभाऊंचा एकशेऐंशी गाठींचा दोर

दिगूभाऊ गुल्हान्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो शिडी मागायला. आम्ही नाचणगावात त्यांच्या समोरच्या घरात नुकतेच राहायला आलो होतो आणि पंखा टांगायचा होता. दारातच त्यांनी मला अडवलं. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि विचारलं, "येन्याचा उद्देश?"

"शिडी पाहिजे होती, भाऊ."

"मुक्काम किती दिवस?"

"शिडीचा?"

"तुमचा."

"मुक्काम कायचा? शिडी घेतली का चाललो."

"वापस जान्याचा पुरावा?"

मी मुकाट्याने बोटाने माझं घर दाखवलं. तिथे माझी बायको मंगला पंख्याचं पातं हातात धरून, कपाळाला आठ्या घालून उभी होती. पुरावा भक्कम होता. दिगूभाऊंनी मान डोलावली. "मंजूर. या, बसा, चहा घ्या." चहा झाला, चिवडा झाला, गप्पा झाल्या आणि मी शिडी खांद्यावर घेऊन निघालो तेव्हा पाऊण तास उलटला होता. ते पायरीपर्यंत आले आणि गंभीरपणे म्हणाले, "पाच मिनिटाच्या कामाले आले अन् पाऊन तास राह्यले. पुढच्या खेपेले अडचन येईन तुमाले, मास्तर."

मी माणूस तापट आहे. या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मी रस्ता ओलांडता ओलांडता ठरवलं. पण शिडी परत करायला जावंच लागलं, आणि तेव्हाही उद्देश सांगावा लागला.

पुलगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिगूभाऊंचं दुकान आहे. दोर, घमेली, फावडी, फवारणीचे पंप, पंपांचे वायसर, म्हणजे वॉशर. वय साठीच्या पुढे, बांधा काटक, आवाज दुकानाच्या मानाने मोठा. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट. हा पासपोर्ट ते दुकानात जाताना नेतात, लग्नाला नेतात, कापूस विकायला नेतात. आत एकही शिक्का नाही. दिगूभाऊ पश्चिमेला मुंबईपर्यंत आणि पूर्वेला गोंदियापर्यंत गेलेले आहेत, आणि गोंदियाला गेले ते वर्ध्याला उतरायचं विसरल्यामुळे.

असं असूनही कोणत्या देशात पाहुणा म्हणून किती दिवस राहता येतं, याबाबतीत आमच्या तालुक्यात त्यांचा शब्द शेवटचा. मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे सुरुवातीला मला याचा जरा रागच यायचा. देश माझ्या ताब्यातले आणि लोक विचारायला यांच्याकडे जायचे. एकदा मी चिडून म्हटलंही, "भाऊ, तुमी कोनत्या देशात गेलते का कधी?"

"जाऊनच शिका लागते काय? तुमी ज्वालामुखी शिकवता. त्यात बसून आले काय?"

त्या दिवसापासून मी वर्गात ज्वालामुखी जरा जपून शिकवतो.

रविवारी सकाळी दुकानाचं एकच फाटक उघडं असायचं आणि पायरीवर आईबाप बसलेले असायचे. कुणाची पोरगी लंडनला, कुणाचा पोरगा टोरंटोला. सगळ्यांची अडचण एकच. पोरं म्हणतात या, आणि सरकार म्हणतं थोडे दिवस या. दिगूभाऊ एकेकाला समजावून सांगत. इंग्लंडच्या व्हिसाचं सांगायचे ते असं: "दहा वर्षाचा विजा देते, पन एका खेपेले सहाच महिने. म्हंजे चाबी दहा वर्षाची अन् बसाची परवानगी सहा महिन्याची. चाबी पाहून नाचू नका." अमेरिकेबद्दल ते जपून बोलत. "तिथं विजा किती वर्षाचा आहे त्याले काई अर्थ नाई. इमानातून उतरल्यावर खिडकीतला साहेब जी तारीख देईन ती खरी. अन् अजून राहाचं असन तं ती तारीख संपाच्या आधी अर्ज गेला पायजे. संपल्यावर नाई." कॅनडावर मात्र त्यांचा जीव. तिथे कायमचं राहणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी वेगळा विजा आहे, विमा वगैरे काढला तर एका खेपेला वर्षानुवर्षं राहता येतं, हे ते प्रत्येकाला दोनदा सांगायचे. "देश कसा आहे हे पाहाचं असन ना मास्तर, तं तो सासूले किती दिवस राहू देते ते पाहा. डोंगर-नद्या राहू द्या तुमच्या."

रेल्वेतून निवृत्त झालेले शंकरराव जर्मनीला पोराकडे निघाले होते. युरोपातल्या पंचवीसहून जास्त देशांचा मिळून एक नियम आहे, एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस. शंकररावांचा हिशेब साधा होता, नव्वद दिवस राहू, एक दिवस बाहेर जाऊ, पुन्हा नव्वद. दिगूभाऊंनी दुकानातला लांब दोर काढला. त्याला त्यांनी वीतभर अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ म्हणजे एक दिवस. जेवढे दिवस तिकडे राहिलो तेवढ्या गाठींना लाल चिंध्या.

"आजची गाठ चिमटीत धरा. आता मागं मोजा एकशेऐंशी. त्यात चिंध्या किती? नव्वद? मंग आज जागा नाई. उद्या चिमटी एक गाठ पुढं सरकन, मागची एक गाठ सुटन. सुटली तिले चिंधी असन तं तुमाले एक दिवस भेटला. नसन तं बसा घरी."

शंकरराव अर्धा तास दुकानात दोर सरकवत बसले आणि नियम समजून उठले. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तसाच दोर विकत घेऊन वर्गात गेले.

आडमार्ग मात्र त्यांना अजिबात चालत नसे. त्यांचा साळा आष्टीचा. त्याच्या ओळखीतला एक जण थायलंडला लांब मुक्काम ठोकायला निघाला होता, मुदत संपली की सीमेबाहेर जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत यायचं, असा त्याचा बेत. दिगूभाऊ भडकले. "एका पंगतीत जेवाचं अन् टोपी बदलून दुसऱ्या पंगतीत बसाचं? एकडाव चालन, दोनदा चालन. वाढनारा काय आंधळा आहे?"

हा साळा स्वतः त्यांच्याकडे आला की भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी चिठ्ठी लागायची, 'मुक्काम सोमवारपर्यंत'. एकदा मी खाली जोडलेली ओळ वाचली, 'दोन दिवसांची मुदतवाढ मंजूर. कारण: गोळाभात.'

आता हे सगळं वेड कशापायी, हे गावाला ढोबळमानाने माहीत होतं. दिगूभाऊंची एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन परदेशी गेलेली. कोणत्या देशात ते मी लिहीत नाही, कारण दिगूभाऊंनी मला शपथ घातली आहे, "नाव लिहू नका मास्तर, त्याहीच्या हाती लागन अन् पुढच्या अर्जात काढतीन." वैशालीच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या आईला, सुमनवहिनींना, जायचं होतं. विजा नाकारला गेला. पहिल्या नातीला पहिली आंघोळ कुणी घातली, हे दिगूभाऊंनी मुलीला कधीही विचारलं नाही. आणि आता वैशालीला पुन्हा दिवस राहिले होते. या वेळी डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलं होतं, घरात तीन वर्षांची पोर, नवरा दिवसभर कामावर. वहिनी या खेपेला पोहोचल्याच पाहिजेत, आणि नुसत्या पोहोचून भागणार नव्हतं, चांगलं सहा महिने राहता आलं पाहिजे होतं. दिगूभाऊंच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

हे मला कळत होतं. पण पाहुण्यांना मुक्काम विचारायची त्यांची सवय मात्र मला कळत नव्हती. आमच्याकडे पाहुणा महिनाभर राहून निघाला तरी म्हणायचं, "आत्ताच तं आले, चालले काऊन?" मुक्काम किती, असं विचारणं म्हणजे पानावरून उठवणं. गावातले लोक हसण्यावारी न्यायचे. बाहेरचे कसे नेणार?

आणि एके दिवशी माझी थोरली बहीण हिंगणीहून आली. आक्का सत्तरीची, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, बोरी धरणाच्या वाऱ्यावर वाढलेला करारी स्वभाव. ऑटोतून उतरली, तर समोर दिगूभाऊ फाटकात उभे.

"येन्याचा उद्देश?"

"भावाकडं आली."

"मुक्काम किती दिवस?"

आक्काने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या घरात येऊन उभ्याउभ्या पाणी प्यायली, शेंगांची पिशवी मंगलाच्या हातात दिली आणि म्हणाली, "माह्या भावाच्या दारात माह्यावाला मुक्काम इचारते! मी काय धर्मशाळेत आली काय?" आम्ही दोघांनी हातापाया पडून पाहिलं. आक्का पुढच्या गाडीने हिंगणीला परत.

मी तसाच रस्ता ओलांडून गेलो. दिगूभाऊंनी चष्मा खाली ओढायच्या आत मी म्हटलं, "उद्देश भांडन! तुमच्या या वकिलातीले कुलूप लावा, भाऊ. आजपासून तुमचं आमचं बोलनं बंद." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी दुपारी सुमनवहिनी पातोडीच्या भाजीची वाटी पदराखाली धरून आमच्याकडे आल्या. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या, बोलायला मोकळ्या, पण त्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"भाऊजी, तुमी याहीच्यावर रागावू नका. ते पाहुन्याले नाई इचारत. ते मले इचारते."

मला काहीच कळेना. मग त्यांनी मुंबईच्या त्या मुलाखतीची गोष्ट सांगितली. काचेच्या मागे साहेब, शेजारी मराठी सांगणारी मुलगी. अलीकडे हे दोघं. दोघांनी मिळून अर्ज केला होता. साहेबाने विचारलं, तिथे जाऊन काय करणार?

"म्या सांगतलं, बाळंतपन. लेकराले तेल लावीन, आंघोळ घालीन, पोरीले शेक देईन, सैपाक करीन, सव्वा महिना तिले बाजेवरून उठू देनार नाई. खरं तेच सांगतलं ना, भाऊजी? मायनं पोरीच्या घरी जाऊन हातावर हात ठेवून बसाव काय? तरी तो साहेब नुसता लिहून राह्यला होता. मंग हे बोलले."

"काय बोलले?"

"म्हने, 'साहेब, हिचा हात लई हलका आहे. नाचनगावातले सतरा बाळंतपनं केले हिनं. तुमच्या तिकडच्या बाईची गरजच नाई पडत.'"

मंगला आणि मी एकदम हसलो, आणि वहिनींकडे पाहून गप्प झालो. पर्यटकाच्या विजावर काम करायला बंदी असते. आमच्या वहिनींनी आईपण सांगितलं, आणि दिगूभाऊंनी वर अनुभवाचा दाखला द्यावा तशी अभिमानाने त्यांची शिफारस केली. साहेबाच्या दृष्टीने समोर एक कसलेली दाई उभी होती आणि तिचा मालक कामाचा ठेका मागत होता. दोघांचेही अर्ज नामंजूर झाले.

"घरी येऊन दोन दिवस जेवले नाई हे. मले म्हने, सुमन, तुव्हं नातीचं तोंड म्या हुकवलं. मंग हे पुस्तकं-कागदं जमवाले लागले. अन् मले तं सवालाचा भेवच बसला. कोनी इचारलं का घाम फुटे. मंग याहीनं हे काढलं. येनाऱ्या-जानाऱ्याले इचाराचं. मी आत भाजी निवडत ऐकत राह्यते. कोन घाबरलं, कोन लटपटलं, कोन जास्त बोललं. जेवताना आमी दोघं त्याच्यावर बोलतो. सवाल कानाले रोजचे झाले पायजे म्हनते."

म्हणजे चार वर्षं अख्खा गाव वहिनींच्या जागी परीक्षेला बसत होता आणि गावाला पत्ता नव्हता. माझ्या पहिल्याच भेटीवर त्या दोघांनी काय चर्चा केली असेल, या विचाराने माझे कान गरम झाले. आणि मला स्वतःची फार लाज वाटली. मी त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडला. उद्देश विचारायच्या आधीच सांगितला, "माफी." दिगूभाऊ म्हणाले, "मंजूर," आणि उगाच एक पंप उघडून त्याचा वायसर पाहत बसले.

आक्काला मी फोनवर सगळं सांगितलं. ती पुढच्याच आठवड्यात आली आणि ऑटोतून उतरून थेट त्यांच्या फाटकाशी गेली. "इचारा."

"मुक्काम किती दिवस?"

"तुमी सारे कटाळान तवरीक."

आतून वहिनींचा आवाज आला, "आक्का, जास्त बोलल्या!"

त्यानंतर आम्ही सगळे उघडपणे कामाला लागलो. दुकानातल्या तारेच्या जाळीमागे मी साहेब म्हणून बसायचो, बाजूला दुभाषी म्हणून मंगला. दिगूभाऊंना आत प्रवेश नव्हता. त्यांनीच तो नियम केला होता. ते पायरीवर पाठ करून बसत आणि वहिनी अडखळल्या की त्यांचे खांदे वर जात. शेवटी तोंडात रुमाल धरायला लागले.

"तिथे जाऊन काय करणार?"

"पोरीले भेटीन, नातीले भेटीन, फिरीन."

"कुठे फिरणार?"

"पोरगी नेईन तिथं."

"स्वयंपाक कोण करणार?"

इथे वहिनी प्रत्येक वेळी अडायच्या. "पोरगी करन," असं म्हणायचं ठरलं होतं. पण पडून असलेल्या पोरीने स्वयंपाक करायचा, हे त्यांच्या तोंडून निघेचना. मी ओरडायचो, मंगला समजवायची. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "जावई करते म्हनू काय? त्याले येते." ते खरं होतं आणि नियमातही बसत होतं. पायरीवर रुमालाआडून हुंकार ऐकू आला.

या वेळी दिगूभाऊंनी स्वतःचा अर्ज केलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दुकान कोन पाहीन? पेरन्या तोंडावर आल्या." मग जरा वेळाने म्हणाले, "मी बाजूले उभा असलो ना मास्तर, का माह्यं तोंड उघडते. एकडाव उघडलं तं एक नात हुकली."

एक प्रश्न सगळ्यात अवघड, तो म्हणजे परत कशावरून याल? त्यासाठी दिगूभाऊंनी जाडजूड फाइल केली होती. घराचे कागद, दुकानाचा परवाना, चार एकरांचा सातबारा, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं. मुंबईला ते सोबत गेले, पण रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे राहिले. दोन तासांनी वहिनी बाहेर आल्या. विजा मंजूर झाला होता.

ते परतल्यावर आम्ही सगळे त्यांच्या ओसरीत जमलो. वहिनी सांगत होत्या. "सारे सवाल ओळखीचे होते, बाई. मले वाटलं भाऊजीच बसले काचेच्या मागं. मंग त्यानं इचारलं, वापस कशावरून यासान? अन् ते फाइल-गिल मी इसरूनच गेली. म्या म्हटलं, घरी हे आहेत. याहीले चहा करता येत नाई."

"मग?"

"त्या पोरीनं सांगतलं त्याले. त्यानं पुन्हा इचारलं, काहीच येत नाई? म्या म्हटलं, ना दूध कुठं राह्यते ते मालूम, ना साखर. तो हसला बाप्पा अन् म्हने, जा."

दिगूभाऊ कोपऱ्यात बसले होते. सगळे हसत होते आणि ते अस्वस्थ. "पन सातबारा तं दाखवाचा," ते म्हणाले. "निदान दुकानाचा परवाना." चार एकर जमीन एका चहापुढे हरली, हे त्यांना आठवडाभर पटलं नाही.

वहिनी गेल्या. विमानतळावरच्या साहेबाने सहा महिन्यांची तारीख दिली. दिगूभाऊंनी बरोबर एकशेऐंशी गाठींचा एक दोर केला आणि देवघराच्या खुंटीला टांगला. रोज सकाळी आंघोळ झाली की एक गाठ सोडायची. मी कधी सकाळी गेलो तर ते दोर हातात घेऊन उभे असायचे. काही गाठी घट्ट बसलेल्या असत, त्या दाताने सोडवत. चहा ते पुलगावच्या रस्त्यावरच्या हॉटेलात पीत. सकाळी तर्री-पोहे, दुपारी आमच्याकडून डबा, रात्री खिचडी. फोनवर वहिनींना सांगायचे, "सारं बराबर आहे. तू इकडची चिंता करू नको."

तिकडे वैशालीला मुलगा झाला. पोट कापून झाला, टाके लवकर भरले नाहीत. बाळाला पहिली आंघोळ वहिनींनी घातली. दिगूभाऊंनी त्या आंघोळीचा व्हिडिओ दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला, आणि प्रत्येकाला बजावलं, "बाहेर सांगू नका. आंघोळ घालनं काम होते का नाई, याच्यावर मतं वेगळे आहेत."

दोर संपत आला. पंधरा-वीस गाठी राहिल्या असतील. एका रविवारी दुपारी चार वाजता मी गेलो. दारात कुणी अडवलं नाही, म्हणून मीच उद्देश सांगत आत शिरलो. दिगूभाऊ खाली सतरंजीवर बसले होते आणि मांडीवर नवा दोर घेऊन त्याला गाठी मारत होते.

"हे काय, भाऊ?"

"मुदतवाढ. अर्ज काल गेला. तारीख संपाच्या आधी गेला पायजे ना." ते माझ्याकडे न पाहता गाठ आवळत म्हणाले, "अजून तीन महिने. नव्वद गाठी."

"वहिनींनी राहायचं म्हटलं?"

"ती तं येतोच म्हने. बॅग भरून बसली होती. म्याच म्हटलं, राह्य. पोरीच्यानं बाळ उचलनं होत नाई अजून. पहिल्या खेपेचा सव्वा महिना म्या घालवला, तो कुठून भरून देऊ? इकडं मले काय होते?"

घर आवरलेलं होतं, जरा जास्तच आवरलेलं. वहिनींचं भाजी निवडायचं ताट भिंतीला टेकून उभं होतं. मी उठायला लागलो तर ते पटकन म्हणाले, "बसा ना. चहा घ्या." मला वाटलं, हॉटेलात जाऊ म्हणताहेत. तर ते आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. आलं ठेचल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दोन कप घेऊन ते बाहेर आले. मी घोट घेतला. आलं, गवती चहा, साखर बेताची. वहिनींचाच चहा होता.

"भाऊ! हा तुमी केला?"

"चौथ्या महिन्यात शिकलो," ते चोरी पकडल्यासारखे म्हणाले. "हॉटेलात बसलो का जो तो इचारते, वहिनी कवा येते, वहिनी कवा येते. मंग घरीच करून पाह्यला. पहिले पंधरा दिवस सांडला. आता जमते."

"छान झालाय की. वहिनींना सांगतो मी."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नाई मास्तर. तिले सांगू नका."

"काऊन?"

"अर्जात मुद्दा होता, वापस येन्याचं कारन. म्या लिहिलं घर, दुकान, शेती. पन तिनं त्या साहेबाले काय सांगतलं होतं? ओसरीत सांगून राह्यली होती तवा तुमी होते ना." ते खुंटीवरच्या जुन्या दोराकडे पाहत राहिले. "तिथं नात आहे, नातू आहे, पोरगी आहे. इथं एक मी. अन् मलेही चहा याले लागला तं तिनं कायसाठी यावं?"

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर सुमनवहिनी, मांडीवर बाळ, मागे तिकडचं सकाळचं ऊन. दिगूभाऊंनी घाईघाईने आपला कप सतरंजीमागे सरकवला. माझा हातातच राहिला.

"भाऊजी! चहा पिऊन राह्यले काय? कोनं केला?"

दिगूभाऊ माझ्याकडे पाहत होते. जाळीमागे बसून मी वहिनींना महिनाभर खरं आणि थोडं बोलायला शिकवलं होतं.

"याहीनंच केला, वहिनी," मी म्हटलं. "तोंडात घेववत नाही. नुसतं गरम पानी. साखरेच्या जागी मीठ आहे का काय, देव जाणे."

वहिनी इतक्या हसल्या की मांडीवरचं बाळ दचकलं. "मालूमच होतं मले! दिगंबर गुल्हान्याले चहा! तुमी थोडी कळ काढा, भाऊजी. तीन महिने जाऊ द्या. मंग मी आलीच."

फोन बंद झाला. दिगूभाऊ बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी तो नाकावर चढवला, नेहमीसारखा, आणि विचारलं, "मुक्काम किती आज?"

"तुमी उठवसान तवरीक."

"जास्त बोलले, मास्तर," ते म्हणाले आणि रिकामे कप उचलून पुन्हा चहा ठेवायला आत गेले.